बंपरवरची दोन बटणं

चांगलं काम केलं की माणसाचं नाव होतं म्हणतात. रफूमास्तरांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. त्यांचं काम जितकं चांगलं व्हायचं, तितकं ते झालंच नाही असं वाटायचं. गिऱ्हाईक कोट उजेडात धरायचं, उलटसुलट करायचं, भोक कुठे होतं ते शोधायचं, आणि सापडलं नाही की मनात म्हणायचं, एवढंसं तर होतं, उगाच दिला रफूला. मास्तर गालातल्या गालात हसायचे. कौतुक म्हणतात ते त्यांच्या वाट्याला एवढंच यायचं आणि तेवढं त्यांना पुरायचं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. उजेड डावीकडून यायचा. पुढच्या खोलीतली इस्त्रीची वाफ दाराच्या फटीतून आत सरकायची आणि दुपारी त्या उजेडात तरंगत राहायची. मास्तर त्या वाफेत बसून दुसऱ्यांची भोकं भरायचे. पद्धत एकच. बाहेरचा धागा आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून धागा ओढायचा, आणि एक उभा एक आडवा करत भोकावर नवं कापड विणायचं. सुई हातात घेतली की त्यांची तंद्री लागायची. मग कोणी हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. लाँड्रीवाला आलेल्या माणसाला सांगायचा, "थांबा जरा, मास्तर आत गेलेत." माणूस म्हणायचा, "अहो, ते तर समोर बसलेत." लाँड्रीवाला म्हणायचा, "खोलीत नाही हो, कापडात गेलेत."

पस्तीस-चाळीस वर्षं भोकं बघून मास्तरांना भोकांची भाषा कळायला लागली होती. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली की भोक कुरतडल्यासारखं असतं, त्याच्या कडा मऊ असतात. ठिणगी पडली असेल तर कडेला बारीक कडक दाणे होतात. खिळ्याला अडकून फाटलं की एक बाजू लांब, एक बाजू आखूड. गिऱ्हाईक काहीही सांगो, भोक खरं सांगतं. "खिशातून पेनाचं टोक घुसलं," असं सांगत आलेल्या गृहस्थाच्या खिशाला सिगारेटनं पडलेलं भोक असायचं. मास्तर मान डोलवायचे आणि पेनाला दोष देऊन मोकळे व्हायचे. लोकांची लाज राखणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. निदान ते स्वतःची समजूत तशी घालायचे.

त्यांच्या बायकोला घरी-दारी सगळे 'बसबाई' म्हणायचे, कारण तिनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आवाज खणखणीत, नजर आरशात. मागच्या बाकावर कोणी कोणाची वेणी ओढली तर वळूनही न बघता तिला कळायचं. ती निवृत्त झाली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. एक गाडी मला अशी हवी की जिच्यात माझ्याआधी कोणी बसलेलं नाही."

मास्तरांनाही ते पटलं. त्यांच्या घरात कपाट जुनं घेतलेलं, सायकल जुनी घेतलेली, रेडिओसुद्धा दुसऱ्याच्या घरी गाऊन दमलेला. न फाटलेली वस्तू त्यांच्या हातात क्वचितच यायची, कारण न फाटलेली वस्तू त्यांच्याकडे आणणार कोण? मग एके दिवशी गाडी आली. पारव्या रंगाची. उन्हात ती निळसर दिसायची आणि सावलीत राखाडी. पहिल्या दिवशी मास्तर नुसते तिच्या दारावर तळहात ठेवून उभे राहिले. एवढं सलग, एवढं अखंड काही त्यांनी हाताखाली धरलंच नव्हतं.

दोन दिवसांनी नंबर मिळाला. शोरूमवाल्यांनी गाडी बोलावून घेतली, तासाभरात नंबरप्लेट बसवून परत दिली. बसबाईनं प्लेटवरून फडकं फिरवलं आणि घरी आणली. सगळं छान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडी पुसत होते. पुढे वाकले तेव्हा नंबरप्लेटच्या दोन बोटं खाली त्यांना दोन काळी प्लास्टिकची बटणं दिसली. शर्टाच्या बटणाएवढी, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजव्या बटणापासून इंचभर लांब एक केसासारखा ओरखडा गेला होता. मास्तरांनी नख घालून बटण उचललं. खाली भोक होतं. त्याच्या कडेला रंगाचा पापुद्रा वर वळलेला होता आणि आत प्लास्टिकचा पांढरा किस अजून चिकटलेला होता. भोक ताजं होतं, कालचं.

"काय बघताय एवढं वाकून?" बसबाईनं दारातून विचारलं.

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं असतं की काही नाही. पण ती आलीच. तिनंही बघितलं. प्लेट खाली लावायची समजून कोणीतरी चुकीच्या जागी ड्रिल मारलं होतं, मग वर बरोबर जागी दुसरी दोन भोकं पाडून प्लेट बसवली होती, आणि खालच्या भोकांवर बटणं दाबून गाडी हातात दिली होती. तिनं शोरूमला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, ती बटणं कंपनीचीच आहेत. गाडी अशीच येते."

बसबाईनं फोन ठेवला आणि पायरीवर बसली. ओरडेल असं मास्तरांना वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "भोक पडलं त्याचं मला काही नाही हो. हात आहे, चुकतो. मीसुद्धा दोनदा बस खांबाला लावली आहे. पण वर बटण लावायचं आणि अशीच येते म्हणून सांगायचं? समोरच्याला इतकं मूर्ख समजायचं? तुमच्या हातून कधी असं झालं असतं का? तुम्ही सांगितलंच असतं."

मास्तर फडकं पिळायला लागले. ते कोरडंच होतं.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी, जी बसबाई गेली अडतीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. तेव्हा ती बस चालवत नव्हती, नुकतीच आई गेलेली एक मुलगी होती. आईची डाळिंबी लोकरी शाल तिनं लाँड्रीत धुवायला दिली. आठ दिवसांनी घ्यायला आली तेव्हा मागच्या खोलीतून एक अबोल तरुण बाहेर आला आणि म्हणाला, "घडीत कसर लागली होती. वाढायच्या आत भरून टाकली. त्याचे पैसे नकोत." तिनं शाल उजेडात धरली, इकडून तिकडून बघितली, तिला काही सापडेना. कोणी न सांगता, काही न मागता एका परक्या माणसानं आईची शाल वाचवली होती. ती तिथेच रडली. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. "माणूस ओळखायला मला एक शाल पुरली," असं ती म्हणायची. शेजारणींना सांगायची, लेकीला सांगायची, बसमध्ये मुलं खोटं बोलताना सापडली की त्यांनाही हीच गोष्ट सांगायची.

कसर नव्हती लागली. मास्तर तेव्हा लाँड्रीत इस्त्री करायचे, रफू नुकतं शिकत होते. शाल टेबलावर पसरली होती, इस्त्री हातात होती, आणि त्यांची तंद्री लागली. वास आला तेव्हा उशीर झाला होता. अंगठ्याएवढी जागा करपून गेली होती. तीन दिवस ते खाली मान घालून बसले. करपलेलं कापून काढलं, शालीच्या काठाच्या आतून धागे ओढले आणि जन्मात विणलं नव्हतं असं विणलं. ते त्यांचं पहिलं खरं रफू. तेवढं सुंदर काम पुन्हा त्यांच्या हातून झालं नाही. आणि मग मुलगी समोर आली, तिचे डोळे असे होते की इस्त्री हा शब्द तोंडातून निघेना. कसर म्हणून गेले. कसर बिचारी काही बोलत नाही.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मास्तरांचा डोळा लागला. स्वप्नात त्यांची गाडी टेबलावर पसरलेली होती, पारव्या कापडाची, मऊ. ते तिची दुमड शोधत होते, आतून धागा ओढायला. बाजू उलटत होते, उलटत होते, कापड संपत नव्हतं, आणि दुमड कुठेच नव्हती. जाग आली तेव्हा त्यांची बोटं चादरीची कड चाचपत होती.

संध्याकाळी त्यांनी लाँड्रीवाल्याला नुसतं एवढंच सांगितलं की गाडीला भोक पडलंय. तो म्हणाला, "मास्तर, मोठी प्लेट लावा आणि विसरा. झाकली मूठ सव्वा लाखाची." मास्तरांना ते अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शोरूमला गेले. तिथे सगळीकडे काच होती आणि काचेतून येणारा उजेड फरशीवर पाण्यासारखा पसरला होता. गाड्या त्यात तरंगत असल्यासारख्या उभ्या होत्या. माणसं हलक्या आवाजात बोलत होती. मास्तरांना वाटलं, इथे कोणी मोठ्यानं खरं बोललं तर तडाच जाईल.

मॅनेजर इस्त्रीच्या शर्टातला, हसतमुख. बाहेर येऊन त्यानं बटणं बघितली आणि म्हणाला, "ही कंपनीचीच आहेत काका."

मास्तरांनी वाद घातला नाही. ते आत गेले, दारापाशी तशीच पारवी गाडी उभी होती, तिच्यापुढे उकिडवे बसले. तिच्या बंपरवर बटणं नव्हती. मॅनेजर म्हणाला, "ही आधीची बॅच असेल."

मास्तरांच्या गळ्यात टेप होता, कामावरून निघताना काढायची सवय नव्हती आणि आज तर कामावर गेलेच नव्हते, तरी होता. त्यांनी बाहेर जाऊन दोन बटणांमधलं अंतर मोजलं. मग बोटांनी टेप तिथेच पकडून आत आले आणि एकेका गाडीपुढे वाकत गेले. शोरूममधली माणसं बघायला लागली. शेवटच्या रांगेत गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली एक मोठी, उंच गाडी होती. तिच्या नंबरप्लेटच्या दोन स्क्रूंवर टेप धरला आणि तो केसभरही इकडे-तिकडे झाला नाही. बंपरच्या खालच्या कडेपासूनची उंची दोन्ही गाड्यांवर मोजली, तीही जुळली.

"या गाडीचा भोकं पाडायचा साचा आमच्या गाडीवर धरला," मास्तर शांतपणे म्हणाले. "भोकं पाडल्यावर कळलं. भोक खोटं बोलत नाही साहेब."

मॅनेजरचं हसू जरा सैल झालं. "बरं, असं करू. आपण प्लेटला मोठी फ्रेम बसवून देतो. दोन्ही झाकली जातील. कोणाला दिसणार नाही."

"दिसण्याचा प्रश्न नाही," बसबाई म्हणाली. "मला फ्रेम नको. ज्यानं केलं त्यानं येऊन मला सांगावं, माझ्या हातून झालं म्हणून. बाकीचं नंतर बोलू."

मॅनेजर म्हणाला, तसं काही करता येत नाही. बसबाई खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घेतली. एकतीस वर्षं सिग्नलला थांबलेली बाई होती ती, तिला घाई नव्हती. अर्धा तास गेला. मास्तर तिच्या शेजारी बसले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मास्तरांच्या मनात तर लख्ख पौर्णिमा होती. कोणी येऊच नये असं त्यांना एकदा वाटलं, आणि मग लगेच, यावं, कोणीतरी यावं, असं वाटलं.

वर्कशॉपच्या दारातून एक बाई आली. पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेला, हात पुसत. मॅनेजर काही म्हणायच्या आत ती बसबाईपुढे उभी राहिली.

"ताई, मी प्लेटा बसवते. माझ्याच हातून झालं."

ती पुढे म्हणाली, "साचा चुकीचा उचलला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी पांढऱ्या चादरी वाळत घालत होतं, वाऱ्यानं त्या फुगत होत्या. बघत राहिले. भोकं पाडून झाल्यावर चूक कळली. डब्यात बटणं होती, लावून टाकली. दोन रात्री वाटत होतं, सांगायला हवं होतं. वीस वर्षांत असं केलं नव्हतं."

"आता सांगितलंत ना," बसबाई म्हणाली. "झालं. एवढंच हवं होतं मला." मग मॅनेजरकडे वळून तिनं बसमधला आवाज काढला. "आणि नवा बंपर बसवून द्यायचा. यांना काही बोलायचं नाही. मी पंधरा दिवसांनी येईन तेव्हा या इथेच दिसल्या पाहिजेत."

मॅनेजरनं मान डोलवली. कागदावर लिहूनही दिलं. प्लेटा बसवणारी बाई परत वर्कशॉपकडे गेली. जाताना ती जरा सरळ चालत होती. मास्तर दार बंद होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तिचा हेवा वाटला, चक्क हेवा.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उंच झाडं होती आणि काचेवरून सावल्या एकामागून एक सरकत होत्या. बसबाई खुशीत होती. "त्यांचं तोंड बघितलंत? सांगितल्यावर किती हलकं झालं. लोकांना हे कळत नाही हो. तुम्ही बघा ना, तेव्हा न सांगता शाल परत दिली असती तरी मला काय कळणार होतं? पण तुम्ही सांगितलंत, कसर लागली होती म्हणून…"

"कसर नव्हती लागली," मास्तर म्हणाले.

"काय?"

"इस्त्री. माझ्या हातातली इस्त्री. मी जाळली तुझ्या आईची शाल."

तिनं आरशात बघितलं, वळायचा दिवा लावला, गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सवयीची बाई. मग दार उघडून उतरली आणि गाडीपुढे जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. मास्तर पट्टा लावलेले तसेच बसून होते. पट्टा सोडायचं त्यांना सुचलं नाही. काचेपलीकडे तिची पाठ, तिच्यावरून हलणाऱ्या सावल्या.

ती परत येऊन बसली. "लक्ष कुठे होतं तुमचं?"

"आठवत नाही. तुझ्याकडे होतं म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण तू तेव्हा तिथे नव्हतीस."

"अडतीस वर्षं." तिचा आवाज खणखणीत नव्हता. "अडतीस वर्षं मी ती गोष्ट सांगत हिंडले. लेकीला सांगितली. बसमधल्या त्या एवढ्या एवढ्या पोरांना सांगितली, खोटं बोलू नये म्हणून. तुम्ही शेजारी बसून ऐकायचात. मला खोटं बोलायला लावलंत तुम्ही."

शाल जाळली याचं मास्तरांनी इतकी वर्षं वाईट वाटून घेतलं होतं. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं कपाटातून शाल काढली आणि खिडकीपाशी, उन्हात, टेबलावर पसरली. खूप शोधलं. चष्मा लावून शोधलं, पालथी करून शोधलं. मग शाल त्यांच्यापुढे सरकवली. "दाखवा."

मास्तरांचीही नजर आता पूर्वीची राहिली नव्हती, त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. काठापासून वीतभर आत बोट थांबलं. "इथे."

"उसवा."

मास्तरांनी डोळे उघडले. "अगं…"

"उसवा म्हणते ना. मला बघायचंय."

त्यांनी सुई घेतली. आयुष्यात त्यांनी पुष्कळ विणलं होतं, पण स्वतःचं रफू कधी उसवलं नव्हतं. आणि हे तर त्यांचं सगळ्यात चांगलं. एकेक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलून ते बाहेर काढत गेले, मग उभे. हात हळूहळू चालत होता. ऊन टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं. शेवटी डाळिंबी कापडात एक भोक उरलं, अंगठ्याएवढं, अडतीस वर्षांपूर्वीचं.

बसबाईनं शाल उचलली आणि त्या भोकातून बोट आरपार घातलं. बोट हलवून बघितलं. मग तिला रडू आलं. मास्तर बसून राहिले, कारण या वेळी कापडात शिरून बसायची सोय नव्हती.

डोळे पुसून ती म्हणाली, "आता भरा. माझ्यासमोर."

मास्तर सवयीनं शालीचा काठ चाचपायला लागले, आतला धागा ओढायला.

"त्यातला नको," ती म्हणाली. "दिसेल असं भरा." तिनं त्यांच्या डब्यातली रिळं एकेक करून खिडकीपाशी धरली आणि एक निवडलं. पारव्या रंगाचं. "हे. आणि यापुढे कोणी विचारलं तर गोष्ट तुम्ही सांगायची. मी नाही सांगणार."

पंधरा दिवसांनी गाडीला नवा बंपर बसला. प्लेटा बसवणाऱ्या बाईनंच बसवला, चार वेळा मोजून. परत येताना हवेत गारवा होता, बसबाईनं शाल खांद्यावर घेतली होती. वाटेत मास्तरांना लाँड्रीपाशी सोडायला ती थांबली. लाँड्रीवाला गाडी बघायला बाहेर आला, बंपर बघितला, मान डोलवली, आणि मग त्याची नजर खिडकीतल्या शालीवर गेली. डाळिंबी लोकरीवर अंगठ्याएवढा पारवा ठिपका, लांबूनही दिसत होता.

"वहिनी, हे कोणी केलं?" तो म्हणाला. "मास्तरांच्या बायकोच्या शालीला असलं रफू? एवढं दिसतंय की हो."

बसबाईनं समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही. इंजिन चालू होतं. तिनं ते बंद केलं.

"मी केलं," मास्तर म्हणाले. त्यांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला आणि तो बोटाभोवती गुंडाळत सांगायला सुरुवात केली. "तुझे वडील दुकान चालवायचे तेव्हाची गोष्ट. एक मुलगी तिच्या आईची शाल घेऊन आली होती. कसर वगैरे काही लागली नव्हती तिला."